अयशस्वी देयक व्यवहार (भारत)

अयशस्वी देयक व्यवहार म्हणजे ग्राहकाच्या खात्यातून, कार्डातून किंवा मोबाइल पाकिटातून रक्कम वजा झाली, परंतु ग्राहकाचा दोष नसताना ती विक्रेत्यापर्यंत पोहोचली नाही अथवा पोहोचल्याची खूण विक्रेत्याला मिळाली नाही, असा व्यवहार होय. बोलीभाषेत यास 'पैसे अडकणे' किंवा 'पेमेंट लटकणे' असे म्हणतात. भारतीय रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी काढलेल्या परिपत्रकात या संज्ञेची व्याख्या केली असून, रक्कम किती दिवसांत परत करावयाची आणि उशीर झाल्यास दररोज किती भरपाई द्यावयाची, हे ठरवून दिले आहे. संपर्कजाल तुटणे, एटीएममध्ये रोकड नसणे, सत्राची वेळ संपणे यांसारखी कारणे या व्याख्येत येतात. तसेच अपुऱ्या माहितीमुळे जमा न झालेली रक्कम उलट पाठविण्यास झालेला विलंबही तिच्यात मोडतो.

दुकानात, पेट्रोल पंपावर किंवा उपाहारगृहात असा प्रसंग घडतो तेव्हा बँक, देयक व्यवस्था आणि विक्रेता असे तीन पक्ष गुंतलेले असतात व प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो. म्हणून मूळ तांत्रिक दोषापेक्षा त्यानंतर मिळणारी (किंवा न मिळणारी) ग्राहकसेवा हाच बहुतेक तक्रारींचा खरा विषय ठरतो.

पार्श्वभूमी

रोखीच्या काळात गल्ल्यावरचा वाद सुट्ट्या पैशांचा, फाटक्या नोटेचा किंवा सुट्ट्यांऐवजी हातावर टेकवलेल्या चॉकलेटचा असे. तो जागच्या जागी मिटे, कारण नोट एकतर ग्राहकाच्या हातात असे किंवा दुकानदाराच्या गल्ल्यात. तिसरी जागाच नव्हती. कार्ड आणि मोबाइल देयकांनी ही तिसरी जागा निर्माण केली.

युनिफाइड पेमेंट्स इंटरफेस अर्थात यूपीआय ही व्यवस्था नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया (एनपीसीआय) या संस्थेने उभारली. रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत तिचा आरंभ झाला. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला जाहीर झालेल्या निश्चलनीकरणानंतर, आणि पुढे १ जानेवारी २०२० पासून यूपीआय व रुपे डेबिट कार्डावरील व्यापारी शुल्क शून्य झाल्यानंतर, भाजीच्या गाडीपासून सराफाच्या पेढीपर्यंत क्यूआर कोडचे फलक लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यातील यूपीआय व्यवहारांची संख्या प्रथमच २,००० कोटींवर गेली. एवढ्या संख्येत दर दहा हजारांत एक व्यवहार जरी अडकला, तरी महिन्याला २० लाख ग्राहक कुठल्या ना कुठल्या गल्ल्यासमोर अडकून उभे राहतील, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रश्नाचा आवाका कळतो. २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ रोजी तर यूपीआय व्यवस्थाच काही काळ देशभर विस्कळीत झाली होती.

रक्कम कोठे अडकते

यूपीआय व्यवहारात ग्राहकाच्या ॲपमधून निघालेली सूचना एनपीसीआयकडे जाते. ती ग्राहकाच्या बँकेला रक्कम वजा करण्यास सांगते. वजावट झाल्याचा होकार आल्यावर विक्रेत्याच्या बँकेला जमा करण्याची सूचना जाते आणि तिचा होकार परतल्यावर दोन्ही बाजूंना संदेश मिळतो. हा सारा प्रवास काही सेकंदांचा असतो. वजावट झाली, पण जमा करणाऱ्या बँकेचे उत्तर ठरावीक वेळेत आलेच नाही, ही यातली सर्वांत चमत्कारिक अवस्था होय. अशा वेळी रक्कम विक्रेत्याच्या खात्यात जमा झालेली असू शकते किंवा नसूही शकते; उत्तर तेवढे हरवलेले असते. ग्राहकाच्या पडद्यावर 'प्रलंबित' किंवा 'प्रक्रिया चालू आहे' असे दिसते ते यामुळे. पुढे ताळमेळ घालताना जमा करणारी बँक एकतर रक्कम जमा झाल्याची पुष्टी देते किंवा ती परत पाठवते. तोपर्यंत 'पैसे गेले' असे म्हणणारा ग्राहक आणि 'आले नाहीत' असे म्हणणारा दुकानदार, दोघेही खरे बोलत असतात.

कार्डाच्या बाबतीत दुकानातील पीओएस यंत्र (ज्यास लोक स्वाइप मशीन म्हणतात) कार्ड देणाऱ्या बँकेकडून मंजुरी मागते. मंजुरी दिली गेली, ग्राहकाला रक्कम वजा झाल्याचा लघुसंदेशही आला, पण परतीच्या वाटेवर जोडणी तुटली, तर यंत्रातून पावती निघत नाही. अशा मंजुरीचा पाठपुरावा करून ती रद्द करण्याची सोय यंत्रात व बँकेच्या संगणकात असते, मात्र तिला वेळ लागतो.

आणखी एक कारण तांत्रिक नसून हिशेबी आहे. अनेक दुकानांत रक्कम थेट मालकाच्या बँक खात्यात न येता आधी देयक संकलक कंपनीकडे जमा होते व दुसऱ्या दिवशी एकत्रित रीतीने दुकानाच्या खात्यात येते. त्यामुळे दुकानदाराने त्याच क्षणी बँक खाते उघडून 'काही आलेले नाही' असे सांगितले, तर ते खरे असूनही निर्णायक नसते. पाहावयास हवी ती संकलकाच्या ॲपमधील व्यवहारांची यादी.

गल्ल्यावरील परिस्थिती

दुकानातील कर्मचाऱ्याकडे बहुधा ती यादी पाहण्याचा अधिकार नसतो. क्यूआर कोड मालकाच्या नावाचा, संदेश मालकाच्या फोनवर, आणि मालक त्या वेळी दुसऱ्या शाखेत किंवा गावी, ही नेहमीची स्थिती आहे. साखळी दुकानांत खाते मुख्य कार्यालयाचे असते व शाखेच्या व्यवस्थापकाला परतावा देण्याचा अधिकार नसतो. दिवसअखेर हिशेबात तूट आली तर ती आपल्या पगारातून कापली जाईल, ही धास्तीही गल्ल्यावरच्या माणसाला असते. त्याच्या उर्मटपणामागे पुष्कळदा हीच भीती असते, आणि हे ओळखून बोलणारा ग्राहक लवकर सुटतो.

दुकानदाराचा अविश्वासही निराधार नाही. यशस्वी व्यवहाराचा देखावा करणारी बनावट ॲप्स आणि जुन्या व्यवहाराची फेरफार केलेली पडदाचित्रे दाखवून माल नेल्याचे प्रकार घडले आहेत. जमा झालेली रक्कम मोठ्याने उच्चारणारा साउंडबॉक्स दुकानोदुकानी आला त्याचे हे एक कारण. त्यामुळे ग्राहकाच्या फोनवरील हिरवी खूण दुकानदारास पुरेशी वाटत नाही. तिच्यापेक्षा व्यवहाराचा संदर्भ क्रमांक उपयोगी पडतो. यूपीआयमध्ये हा क्रमांक १२ अंकी असतो व ग्राहकाच्या, विक्रेत्याच्या आणि दोन्ही बँकांच्या नोंदीत तोच आढळतो. 'माझे पैसे कापले गेले' या वाक्यावर वाद घालता येतो, बारा अंकांवर घालता येत नाही.

माल अडवून ठेवण्याबाबत कायदा बराचसा स्पष्ट आहे. वस्तुविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ४७ नुसार, उधारीचे ठरलेले नसेल तर किंमत न मिळालेला विक्रेता ताब्यातील विकलेला माल किंमत मिळेपर्यंत राखून ठेवू शकतो. म्हणजे किराणा मालाची पिशवी गल्ल्याआड ठेवून घेणे बेकायदेशीर नाही. मात्र हा हक्क त्या मालापुरताच आहे. ग्राहकाचा मोबाइल, वाहन चालविण्याचा परवाना किंवा गाडीची किल्ली काढून घेण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. ग्राहकालाच दुकानाबाहेर पडू न देणे हे तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ व १२७ मधील गैरनिरोध व गैरबंदिवास या गुन्ह्यांच्या कक्षेत येऊ शकते. पेट्रोल टाकीत भरले गेलेले असते आणि जेवण पोटात गेलेले असते. अशा ठिकाणी राखून ठेवण्याजोगा मालच उरत नसल्याने वाद अधिक चिघळतात. तेथे नाव, भ्रमणध्वनी क्रमांक आणि संदर्भ क्रमांक लिहून देऊन ठरावीक दिवशी ताळमेळ पाहण्याचे ठरविणे, हाच दोन्ही बाजूंना परवडणारा मार्ग असतो.

याची दुसरी बाजूही आहे. माल घेऊन गेल्यानंतर अडकलेली रक्कम चार दिवसांनी ग्राहकाच्याच खात्यात परत आली, तर दुकानदाराला किंमत मिळालेली नसते आणि ती देणे ग्राहकावर बंधनकारक राहते. दुकानदार पाठपुरावा करणार नाही असे वाटून गप्प बसणारे ग्राहकही असतात, हे नमूद करणे भाग आहे.

परताव्याची मुदत व भरपाई

रिझर्व्ह बँकेचे २०१९ चे परिपत्रक देयके व तडजोड प्रणाली अधिनियम, २००७ खालील अधिकारात काढलेले असून भरपाईविषयक तरतुदी १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू आहेत. त्यात व्यवहाराच्या दिवसाला 'टी' म्हटले आहे आणि तो दिनदर्शिकेतील दिवस धरला जातो. 'कामाचे दिवस' ही बँकांची आवडती सबब येथे चालत नाही. रविवार आणि दिवाळीची सुट्टीही मोजली जाते.

दुकानात यूपीआयने केलेला भरणा, पीओएस यंत्रावर कार्डाने केलेला भरणा व ऑनलाइन खरेदीतील कार्डव्यवहार या तिन्ही बाबतींत, खात्यातून रक्कम गेली पण विक्रेत्याला पुष्टी मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत जमा झाली पाहिजे. एटीएममधून रोकड न निघाल्यासही हीच मुदत आहे. व्यक्तीकडून व्यक्तीला पाठविलेल्या यूपीआय व आयएमपीएस रकमेसाठी मात्र ती एकाच दिवसाची आहे. पुष्कळ छोटे विक्रेते व्यापारी खात्याऐवजी वैयक्तिक क्यूआर कोड वापरतात, त्यामुळे तेथे केलेला भरणा दुसऱ्या प्रकारात मोडू शकतो, ही बारीक गोष्ट तक्रार लिहिताना उपयोगी ठरते.

मुदत उलटल्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई खातेदाराला मिळावयाची असते. उदाहरणार्थ, ३ तारखेला औषधाच्या दुकानात यूपीआयने दिलेले १,८४० रुपये अडकले, तर ८ तारखेपर्यंत ते परत यावयास हवेत. ते १४ तारखेला आले, तर सहा दिवसांचे ६०० रुपये देय होतात. भरपाई रकमेच्या प्रमाणात नसते. नव्वद रुपयांची मिसळ आणि नव्वद हजारांचा फ्रिज, दोन्हींना दर एकच. लहान रकमेच्या ग्राहकास याचा फायदा होतो व मोठ्या रकमेच्या ग्राहकास ती भरपाई तुटपुंजी वाटते. ग्राहकाने मागणी केली नसली तरी ही भरपाई स्वतःहून द्यावी, असे परिपत्रक सांगते. परिपत्रक देशांतर्गत व्यवहारांनाच लागू आहे.

याआधी भरपाईची तरतूद मुख्यतः एटीएमपुरती होती. २००९ मध्ये १२ कामकाजी दिवसांची मुदत व त्यानंतर दररोज १०० रुपये असा नियम झाला. १ जुलै २०११ पासून मुदत ७ कामकाजी दिवसांवर आली, पण भरपाईसाठी ग्राहकाने ३० दिवसांच्या आत दावा करण्याची अट होती. २०१९ मध्ये नियम सर्व प्रमुख देयक प्रकारांना लागू झाला, शंभराचा दर मात्र तोच राहिला.

दोनदा दिलेले पैसे

सर्वाधिक मनस्ताप देणारा प्रकार नियमांच्या या चौकटीबाहेर पडतो. पहिला भरणा प्रलंबित दिसतो, मागे रांग वाढलेली असते, दुकानदार 'पुन्हा करा, पहिले पैसे आपोआप परत येतील' असे म्हणतो आणि ग्राहक रोख किंवा दुसऱ्या ॲपने पुन्हा पैसे देतो. काही वेळाने पहिला व्यवहारही पूर्ण होतो व दुकानाच्या खात्यात रक्कम दोनदा जमा होते. आता हा 'अयशस्वी' व्यवहार राहिलेला नसतो. बँकेच्या दृष्टीने तो यशस्वी आहे, त्यामुळे ५ दिवसांची मुदत आणि शंभर रुपयांची भरपाई या दोन्ही गोष्टी लागू होत नाहीत. बँक ग्राहकाला दुकानाकडे पाठवते. दुकान पुन्हा बँकेकडे पाठवते, आणि इथपासून हेलपाटे सुरू होतात.

अशा स्थितीत दायित्व दुकानाचेच असते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७२ नुसार चुकीने दिली गेलेली रक्कम ज्याला मिळाली, त्याने ती परत केली पाहिजे. चूक ग्राहकाची होती, यंत्राची होती की जोडणीची, याने हे कर्तव्य बदलत नाही. रक्कम टंकताना एक शून्य जादा पडले, तरी तत्त्व हेच. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हा फलक मालाविषयी असतो, जादा आलेल्या पैशांविषयी नव्हे. तसेच 'पुढच्या खरेदीत वळते करून घ्या' किंवा 'क्रेडिट नोट देतो' हा प्रस्ताव स्वीकारण्याचे बंधन ग्राहकावर नाही; रक्कम परत मागण्याचा त्याचा हक्क कायम राहतो. दुसऱ्याचे पैसे आपले नाहीत हे कळूनही अप्रामाणिकपणे ठेवून घेणे हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली अपहाराचे स्वरूप घेऊ शकते. मात्र शे-दोनशे रुपयांच्या वादात पहिल्याच वाक्यात फौजदारी कलम उच्चारल्याने काम होण्याऐवजी बिघडण्याचीच शक्यता अधिक.

येथे वेळेला महत्त्व आहे. कार्डाने चुकीची रक्कम घेतली गेली असेल, तर दिवसाचा हिशेब बंद होण्यापूर्वी पीओएस यंत्रावरच तो व्यवहार रद्द करता येतो. हिशेब बंद झाल्यावर वेगळा परतावा पाठवावा लागतो व त्याला कित्येक दिवस लागतात. म्हणून 'उद्या या, मालक असतील' हे उत्तर कार्डाच्या बाबतीत ग्राहकाने शक्यतो स्वीकारू नये. छापील क्यूआर कोडवर दिलेली रक्कम दुकानदार स्वतःच्या ॲपमधून ग्राहकाला सरळ परत पाठवू शकतो. देयक संकलकामार्फत झालेला परतावा मात्र, ग्राहकाने वेगळे मान्य केले नसेल तर, ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने जावा असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. कार्डाने दिलेले पैसे रोख का मिळत नाहीत, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर यात आहे.

पहिला भरणा प्रलंबित असताना दुसरा करावाच लागला, तर बिलाच्या मागे पहिल्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, रक्कम, वेळ आणि 'जमा झाल्यास परत करू' एवढे शब्द लिहून दुकानाची सही किंवा शिक्का घेणे उपयुक्त ठरते. पीओएस पावत्यांचा कागद उष्णतासंवेदी असतो व काही महिन्यांत कोरा पडतो, त्यामुळे तिचे छायाचित्र त्याच दिवशी काढून ठेवावे लागते. साखळी दुकानांत सुरक्षा कॅमेऱ्याचे चित्रीकरणही पुरावा ठरू शकते, पण ते ठरावीक काळाने पुसले जाते. ते जपून ठेवण्याची विनंती लेखी व लगेच करणे आवश्यक असते.

तक्रारीचा मार्ग

रक्कम दुकानापर्यंत पोहोचलेली नसेल, तर तक्रार बँकेकडे किंवा ज्या ॲपमधून भरणा केला त्याच्याकडे करावयाची असते. यूपीआय ॲपमध्ये त्या व्यवहारावर जाऊन तक्रार नोंदविण्याची सोय असते. एनपीसीआयच्या संकेतस्थळावरही अशी नोंद करता येते. अयशस्वी व्यवहारांसाठी ऑनलाइन तंटा निवारण यंत्रणा उभारण्याचे आदेश रिझर्व्ह बँकेने ६ ऑगस्ट २०२० रोजी देयक प्रणाली चालकांना दिले होते. बँकेच्या शाखेत तोंडी सांगून परतणे ही सर्वसाधारण चूक आहे. तोंडी तक्रारीला क्रमांक नसतो, आणि क्रमांक नसलेली तक्रार पुढच्या पायरीवर अस्तित्वातच नसते.

लेखी तक्रारीनंतर ३० दिवसांत उत्तर आले नाही, ती फेटाळली गेली किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक लोकपाल योजनेत आधीच्या तीन योजना एकत्र करण्यात आल्या: बँकिंग लोकपाल योजना, २००६, बँकेतर वित्तीय कंपन्यांसाठीची २०१८ ची योजना आणि डिजिटल व्यवहारांसाठीची २०१९ ची योजना. तक्रार निःशुल्क असून ती रिझर्व्ह बँकेच्या तक्रार संकेतस्थळावर किंवा टपालाने चंदीगड येथील केंद्रात पाठविता येते; चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. २०२१ च्या योजनेप्रमाणे लोकपाल नुकसानीपोटी २० लाख रुपयांपर्यंत आणि ग्राहकाचा वेळ, खर्च व मनस्ताप यांपोटी १ लाख रुपयांपर्यंत भरपाई देऊ शकत असे. त्या योजनेत बँकेचे उत्तर मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत लोकपालाकडे जाण्याची अट होती. वकिलामार्फत तक्रार स्वीकारली जात नाही, आणि त्याच कारणासाठी न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल ती ऐकत नाही.

लोकपालाचा अधिकार रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालील संस्थांपुरता आहे. दुकानदार त्यात येत नाही. दोनदा घेतलेले पैसे परत न करणारे दुकान, बिल देण्यास नकार देणारा विक्रेता किंवा महिनाभर 'मुख्य कार्यालयाला कळवले आहे' असे सांगणारी साखळी यांच्याविरुद्धचा मार्ग ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधून जातो. हा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यात बिल न देणे, तसेच सदोष वस्तू परत घेऊन किंवा त्रुटीची सेवा बंद करून ठरलेल्या मुदतीत, आणि मुदत ठरलेली नसल्यास ३० दिवसांत, पैसे परत न करणे यांचा समावेश अनुचित व्यापारी प्रथेत केला आहे. ऑनलाइन विक्रेत्यांना २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी तक्रार निवारण अधिकारी नेमणे, ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि महिन्याभरात तिचे निवारण करणे बंधनकारक केले आहे.

पहिली पायरी म्हणून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही तक्रार नोंदविता येते. ही हेल्पलाइन निवाडा करीत नाही, कंपनीशी संपर्क साधून तडजोड घडवून आणण्याचा प्रयत्न करते. मोठ्या साखळी दुकानांच्या बाबतीत याचा उपयोग होतो, कोपऱ्यावरच्या दुकानाच्या बाबतीत क्वचितच. त्यानंतर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग येतो. तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही आता दावा दाखल करता येतो. सहलीला गेलेल्या गावी अडकलेल्या पैशांसाठी पुन्हा तेथे जावे लागत नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि दावा कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावा लागतो. कायद्याने तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा धरली आहे, प्रत्यक्षात पुष्कळ अधिक काळ लागतो. सातशे रुपयांसाठी तारखांना हजर राहण्याचा हिशेब प्रत्येकाने आपापला करावयाचा असतो. लेखी नोटीस पाठविणे अनिवार्य नसले, तरी अनेक प्रकरणे तिच्यावरच मिटतात.

महाराष्ट्रात अशा तक्रारींना मार्गदर्शन करण्याची परंपरा जुनी आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. ग्राहक संरक्षणाचा पहिला केंद्रीय कायदा १९८६ मध्ये झाला, म्हणजे चळवळ कायद्याहून एका तपाने मोठी आहे.

बनावट मदत क्रमांक

पैसे अडकलेला ग्राहक घाईत असतो, आणि फसवणूक करणाऱ्यांना हे ठाऊक असते. शोधयंत्रावर बँकेचा किंवा ॲपचा 'कस्टमर केअर' क्रमांक शोधल्यास भामट्यांनी पेरलेले क्रमांक वर दिसू शकतात. समोरची व्यक्ती परतावा देण्याच्या बहाण्याने दुवा उघडावयास, फोनचा पडदा दाखविणारे ॲप घ्यावयास किंवा यूपीआय पिन टाकावयास सांगते. पैसे मिळविण्यासाठी पिन कधीच लागत नाही. तो देण्यासाठी लागतो. अधिकृत क्रमांक कार्डाच्या मागील बाजूस, पासबुकावर किंवा ॲपच्या आतच पाहावा. फसवणूक झाल्यास १९३० या सायबर गुन्हे मदत क्रमांकावर त्वरित कळवावे लागते.

अशा अनधिकृत व्यवहारांना ६ जुलै २०१७ चे वेगळे परिपत्रक लागू होते. त्यात बँकेचा दोष नसून त्रयस्थाकडून गैरव्यवहार झाला असेल आणि ग्राहकाने बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळविले, तर त्याच्यावर दायित्व येत नाही. मात्र ग्राहकाने स्वतःच पिन सांगितला असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्यालाच सोसावे लागते. अयशस्वी व्यवहाराच्या तक्रारीत 'फसवणूक' हा शब्द सहज वापरला, तर ती चुकीच्या टेबलावर जाऊन पडते, असा अनुभव सांगितला जातो.

मर्यादा व टीका

भरपाई मागणीविना मिळावी असा नियम असला तरी, ग्राहकाने दिवस मोजून परिपत्रकाचा दाखला दिल्यावरच ती दिली गेल्याच्या तक्रारी आढळतात. शंभर रुपयांचा दर २००९ पासून बदललेला नाही. आणखी मोठी उणीव म्हणजे विक्रेत्याने दुहेरी रक्कम परत करण्यासाठी अशी दिवसागणिक भरपाईची मुदत कोणत्याही नियमात नाही. बँकेला सहाव्या दिवसापासून दररोज शंभर रुपयांचा भुर्दंड पडतो, तर तीच रक्कम खात्यात ठेवून बसलेल्या दुकानाला, प्रकरण आयोगापर्यंत गेले नाही तर, काहीच पडत नाही.

लोकपाल योजनेची व्याप्तीही सर्वत्र सारखी नाही. २०२१ च्या योजनेत बिगर-अनुसूचित नागरी सहकारी बँकांपैकी ५० कोटी रुपये किंवा अधिक ठेवी असलेल्यांचाच समावेश होता. नियंत्रणाखालील पण योजनेबाहेरील संस्थांविषयीच्या तक्रारी रिझर्व्ह बँकेच्या प्रादेशिक कार्यालयातील ग्राहक शिक्षण व संरक्षण कक्षाकडे जातात. महाराष्ट्रात गावोगावी असलेल्या पतसंस्थांवर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण नाही. त्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली येतात. अशा संस्थेच्या सभासदाला क्यूआर कोडवरील व्यवहाराबाबत आधी हे शोधावे लागते की, आपला भरणा प्रत्यक्षात कोणत्या बँकेच्या मार्फत गेला होता. ती बँक कळल्याशिवाय तक्रार कोणाच्या नावे लिहावयाची, हेच ठरत नाही.